राणी बोलू लागली!

एक कोडं घालू? ओळख बरं!

भारतात पहिला मोठा कथापट बनवला दादासाहेब फाळक्यांनी. नाव होतं ‘राजा हरिश्चंद्र’. १९१३ साली तो मुंबईत, गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात लोकांना दाखवला गेला. त्यात हरिश्चंद्र राजाची राणी होती तारामती. तर सांग, तारामतीचं काम केलं कुणी?

एखाद्या सुंदर नटीनं? चूक!

ते काम केलं अण्णा साळुंके नावाच्या पुरुषानं! आणि हे अण्णा सिनेमात येण्याआधी काय करायचे, माहितेय? एका हॉटेलात स्वयंपाकी होते! चुलीपुढून उठले आणि राणीसाहेब झाले.

थांब, गंमत अजून बाकी आहे. चार वर्षांनी फाळक्यांनी ‘लंकादहन’ काढला. त्यात अण्णांनी सीतेचं काम केलं. आणि रामाचंही! एकाच सिनेमात राम पण तेच आणि सीता पण तेच!

असं का बरं? कारण तेव्हा बायकांनी सिनेमात काम करणं लोकांना मुळीच पसंत नव्हतं. फाळक्यांनी खूप शोध घेतला, पण तारामती व्हायला कुणी बाई तयारच होईना. ‘राजा हरिश्चंद्र’नंतरच्या पुढच्याच सिनेमात मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या दोघींनी काम केलं. केवढ्या धीट होत्या या मायलेकी! पण अशा बायका तेव्हा अगदी बोटांवर मोजण्याइतक्याच.

आता दुसरं कोडं. १९१३ सालीच, त्याच गिरगावात, कांदेवाडीतल्या एका मोठ्या एकत्र कुटुंबात आठ वर्षांची एक मुलगी राहत होती. माहेरचं आडनाव लाड. मूळचं घराणं गोव्याकडचं, त्यामुळे घरात कोकणी बोलायचे. ही मुलगी मोठी होऊन कोण झाली असेल?

ती झाली सिनेमातली बोलणारी तारामती! आणि तिचं नाव दुर्गा खोटे.

पुढे १९८३ साली त्यांना सिनेमातला सगळ्यात मोठा सन्मान मिळाला. त्या सन्मानाचं नाव काय, ठाऊक आहे? दादासाहेब फाळके पुरस्कार! ज्या फाळक्यांना तारामतीसाठी एक बाई मिळेना, त्यांच्याच नावाचा पुरस्कार एका तारामतीला! मला तर हे वाचून टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या.

पण मी आत्ता म्हटलं ना, ‘बोलणारी’ तारामती? त्या एका शब्दात केवढं विज्ञान दडलंय! चल, आधी तेच उलगडू.

फाळक्यांचा सिनेमा मुका होता. मुका म्हणजे अगदी मुका! पडद्यावरची माणसं तोंड हलवायची, पण आवाज येत नसे. मध्येच पडद्यावर अक्षरं यायची. ज्याला वाचता यायचं तो शेजारच्याला वाचून दाखवायचा. थिएटरात कुणीतरी पेटी-तबला वाजवायचं, तेवढंच काय ते संगीत.

मग १९३१ साली मुंबईत ‘आलम आरा’ आला. भारतातला पहिला बोलपट! पडद्यावरची माणसं बोलू लागली, गाऊ लागली. लोकांची ही झुंबड उडाली!

हा सिनेमा बनवताना मात्र सगळ्यांच्या नाकी नऊ आले होते. स्टुडिओच्या जवळूनच आगगाडी जायची. माइकला काय, सगळंच ऐकू येतं. राजपुत्र बोलतोय आणि मागे झुकझुक झुकझुक! कसं चालायचं? मग त्यांनी काय केलं असेल? बहुतेक शूटिंग रात्री केलं! गाड्या थांबल्या, शहर झोपलं, की यांचं काम सुरू.

पण एवढं करून आवाज पकडायचा कसा? आणि तो ठेवायचा कुठे?

इथे जरा जवळ ये. आता खरी जादू!

आधी गळ्यावर बोटं ठेव आणि मोठ्यानं ‘आऽऽऽ’ म्हण. बोटांना काय लागलं? थरथर! आवाज म्हणजे थरथरच. तुझा गळा थरथरतो, मग समोरची हवा थरथरते, आणि ती थरथर माझ्या कानापर्यंत येते.

माइकमध्ये एक पातळसा पडदा असतो. हवेची थरथर येऊन त्याच्यावर आपटली, की तोही थरथरतो. त्या थरथरीनं तारेतली वीज कमी-जास्त होते. हळू आवाज, थोडासाच फरक. मोठा आवाज, मोठ्ठा फरक! म्हणजे आवाजाची झाली वीज.

ही वीज पुढे एका उजेडाला ताब्यात घेते. वीज कमी-जास्त झाली, की उजेडही कमी-जास्त. सेकंदाला शेकडो वेळा, कधी हजारो वेळा! म्हणजे विजेचा झाला उजेड.

आणि हा उजेड पडतो सरकत्या फिल्मवर. फिल्मवर असा रासायनिक लेप असतो, की जिथे उजेड पडेल तिथे ती पुढे धुतल्यावर काळी होते. जास्त उजेड, जास्त काळी. कमी उजेड, कमी काळी. त्यामुळे फिल्मच्या कडेला, चित्रांच्या शेजारी, एक बारीकशी पट्टी उमटते. जेमतेम अडीच मिलिमीटर रुंद! त्या पट्टीत काळ्या-पांढऱ्या रेघाच रेघा.

त्या रेघा म्हणजे काय, कळलं का?

तो आवाज आहे! डोळ्यांनी दिसणारा आवाज! तारामती ‘बाळा’ म्हणाली, तर त्या ‘बा’ची नक्षी वेगळी आणि ‘ळा’ची वेगळी. गप्प राहिली, तर नक्षीच नाही.

थिएटरात हेच सगळं उलटं होतं. यंत्रातल्या एका छोट्या दिव्याचा उजेड त्या पट्टीतून आरपार जातो. काळं आलं की उजेड अडतो, पांढरं आलं की सुटतो. पलीकडे एक खास घट बसवलेला असतो. त्याच्यावर जेवढा उजेड पडेल, तेवढी वीज त्यातून वाहते. ती वीज जाते कर्ण्याकडे, म्हणजे लाउडस्पीकरकडे. कर्ण्याचा पडदा थरथरतो, हवा थरथरते, आणि मागच्या रांगेत बसलेल्या आजीला तारामतीचं बोलणं ऐकू येतं!

आवाजाची वीज, विजेचा उजेड, उजेडाच्या रेघा. आणि मग रेघांचा पुन्हा आवाज. आहे की नाही कमाल?

अजून एक चकित करणारी गोष्ट सांगते. तुला वाटेल, तारामतीचं चित्र जिथे आहे, त्याच्या अगदी शेजारीच तिचा आवाज असेल. नाही! तो जवळजवळ वीस चित्रं पुढे छापलेला असतो! म्हणजे फिल्मवर मोजलं, तर सव्वा फूट पुढे!

हे काय भलतंच? फिल्म जोडणाऱ्याची चूक का?

चूक नाही, युक्ती आहे. शाळेत लस टोचायला रांग असते ना? एक मूल पुढे येतं, थांबतं, टोचून घेतं, सरकतं. मग दुसरं. फिल्मवरची चित्रं यंत्राच्या खिडकीपुढून अशीच जातात. थांब, सरक, थांब, सरक! एका सेकंदात २४ चित्रं! प्रत्येक चित्र क्षणभर थांबतं, म्हणून तर ते स्वच्छ दिसतं.

पण आवाज असा थांबत-थांबत चालला तर? ‘मऽ हाऽ राऽ जऽ’ असा दचके खात येईल. त्याला सरळ, एकसारखं सरकायला हवं. म्हणून आवाज वाचणारा दिवा खिडकीपासून जरा लांब बसवतात. तिथे पोचेपर्यंत फिल्मचे धक्के शांत झालेले असतात. दिवा लांब, म्हणून आवाजही चित्रापासून लांब छापायचा. मग पडद्यावर ओठ आणि शब्द बरोब्बर जुळतात!

आणखी एक अडचण होती. मुक्या सिनेमाच्या काळात कॅमेऱ्याला हँडल असायचं, आणि कॅमेरामन ते हातानं गरागरा फिरवायचा. कधी हात जोरात फिरे, कधी हळू. चित्रांचं त्यानं फारसं बिघडत नसे. पण आवाजाचं? वेग जरा इकडेतिकडे झाला, की राणीचा आवाज उंदरासारखा चिरका नाहीतर राक्षसासारखा घोगरा! म्हणून बोलपट आल्यावर वेग पक्का ठरला. सेकंदाला २४ चित्रं म्हणजे २४. हँडल गेलं, मोटर आली.

एका सेकंदात किती फिल्म लागते, सांगू? दीड फूट! तू एक शिंक दिलीस, की दीड फूट फिल्म संपली. दोन तासांच्या सिनेमाची फिल्म जमिनीवर सरळ पसरली, तर तीन किलोमीटरांच्याही पुढे जाईल!

बरं, आता आपण कोल्हापूरला जाऊ.

कोल्हापुरात १९२९ साली ‘प्रभात’ नावाची फिल्म कंपनी सुरू झाली. तुतारी फुंकणारी एक बाई, ही तिची खूण. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल अशी एकाहून एक हुशार माणसं तिथे होती. आधी त्यांनी मुके सिनेमे काढले. मग ठरवलं, आता आपणही बोलपट काढायचा. मराठीतला पहिला! गोष्ट कोणती? तीच, फाळक्यांचीच! हरिश्चंद्र-तारामतीची. आणि नाव ठेवलं ‘अयोध्येचा राजा’.

दिग्दर्शक होते शांताराम. आवाज पकडायचं काम होतं दामल्यांकडे. हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे. गोविंदराव म्हणजे पेटी वाजवणारे फार मोठे कलावंत! सिनेमाचं संगीतही त्यांचंच.

आणि तारामती?

इथे दुर्गाबाईंची गोष्ट पुन्हा सुरू होते. त्या मुंबईच्या कॅथिड्रल शाळेत शिकल्या, मग सेंट झेवियर्स कॉलेजात गेल्या. त्या काळात मुलीनं कॉलेजात जाणं हीसुद्धा मोठी गोष्ट! मग लग्न झालं, दोन मुलगे झाले. पण घरावर संकटं आली. पैशांची ओढाताण झाली. दोन लहान मुलांना वाढवायचं होतं. म्हणून त्यांनी सिनेमात काम करायचं ठरवलं.

आज कुणाची आई सिनेमात काम करते म्हटलं, तर आपण सह्या मागायला धावू! तेव्हा उलटं होतं. सुखवस्तू, शिकलेल्या घरातली सून सिनेमात जाते म्हणजे काय! लोक नाकं मुरडत, नको नको ते बोलत. १९३१ सालच्या ‘फरेबी जाल’मध्ये त्यांनी पहिल्यांदा एक छोटंसं काम केलं. ते गाजलं वगैरे काही नाही. पण त्या मागे हटल्या नाहीत. मला दुर्गाबाईंचं सगळ्यात जास्त कौतुक कशाचं वाटत असेल, तर ते याचंच.

मग ‘प्रभात’नं त्यांना तारामतीचं काम दिलं.

हरिश्चंद्राची गोष्ट ऐकली आहेस ना? नसेल तर थोडक्यात सांगते. राजा हरिश्चंद्र दिलेला शब्द कधीही मोडत नसे. त्या शब्दापायी त्यानं सगळं राज्य दिलं. तेवढ्यानं भागेना. मग काशीच्या बाजारात राणी, मुलगा रोहिदास आणि तो स्वतः, सगळेच विकले गेले. राणीची झाली दासी! मुका सिनेमा असता, तर हे सारं दुःख हातवारे करून दाखवावं लागलं असतं. इथे ते आवाजातून दाखवायचं होतं.

आणि तो आवाज कसा काढायचा, हे त्यांना शिकवणार कोण? मराठी बोलपट याआधी कुणी बनवलेलाच नव्हता!

नाटकातल्या नटांना मोठ्यानं बोलायची सवय. शेवटच्या बाकावरच्या माणसाला ऐकू जायला नको? पण माइक तर जवळच असतो. त्याच्यापुढे ओरडलं, की कानठळ्या! हळू बोललं तरी चालतं, पण मान भलतीकडे वळवली, की शब्द गायब. भरजरी साडी सळसळली, तर तेही ऐकू येणार. बांगड्या किणकिणल्या, तर तेही! आणि हे सगळं सांभाळताना चेहऱ्यावर मात्र राणीचं दुःख दिसायला हवं. करून बघ बरं एकदा आरशासमोर!

गाणी तर त्याहून अवघड. आज काय होतं? गायिका स्टुडिओत गाते आणि नटी नुसते ओठ हलवते. ही सोय आपल्याकडे १९३५च्या सुमाराला आली. त्याआधी ज्याचं काम, त्यानंच गायचं, आणि तेही कॅमेरा चालू असताना! वाजवणारे लोक कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे बाजूला बसायचे, नाहीतर सेटवरच्या झाडाझुडपांमागे. चेहऱ्यावर भाव, गळ्यात सूर आणि डोळ्यांत पाणी. एक सूर चुकला, की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून! दुर्गाबाईंनी तारामतीची गाणी स्वतःच गायली.

आणि ऐक, कहर तर पुढे आहे! हा सिनेमा मराठीत होता, आणि हिंदीतही. आज एका भाषेतला सिनेमा दुसऱ्या भाषेत आणायचा, तर नुसता आवाज बदलतात. तेव्हा तसं करता येत नव्हतं. मग?

मग अख्खा सिनेमा दोनदा! एक प्रसंग मराठीत केला, की तोच लगेच हिंदीत. एकदा मराठीत रडायचं, डोळे पुसायचे आणि पुन्हा हिंदीत रडायचं! घरात कोकणी, कॉलेजात इंग्रजी, सेटवर मराठी आणि हिंदी. चार भाषांची ही राणी!

१९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ झळकला. राणी बोलली, राणी गायली, आणि लोक बघतच राहिले. नाकं मुरडणारे गप्प झाले. ‘दुर्गाबाईंसारख्या घरातली बाई काम करते, तर आमच्या मुलीनं का करू नये?’ असं लोकांना वाटू लागलं. किती मुलींची वाट सोपी झाली!

हा सिनेमा आजही आहे बरं का! ‘आलम आरा’ची एकही प्रत उरलेली नाही. पण ‘अयोध्येचा राजा’ टिकला. तो बघताना आवाज जरा खरखरतो. पट्टीवर धूळ बसली, ओरखडे उठले, की दिव्याला तेही रेघच वाटतात, आणि यंत्र ते इमानानं वाचून दाखवतं. खर्र खर्र! पण त्या खरखरीतून सत्तावीस वर्षांच्या दुर्गाबाईंचा आवाज येतो. नव्वद वर्षांहून जुना!

त्याच वर्षी ‘प्रभात’नं ‘माया मच्छिंद्र’ही काढला. या वेळी दुर्गाबाई झाल्या स्त्री-राज्याच्या राणी. जिथे सगळीकडे बायकांचंच राज्य! आणि या राणीसाहेबांनी पाळलं होतं काय, सांग? मांजर? पोपट?

चित्ता!

होय, खराखुरा! तेव्हा कॉम्प्युटरवर चित्ता बनवायची सोय नव्हती. जिवंत चित्ता आणायचा, त्याच्याजवळ बसायचं आणि चेहऱ्यावर मात्र राणीचा तोरा! कोल्हापूरला चित्ते काही नवे नव्हते म्हणा. तिथल्या महाराजांच्या पदरी शिकारीसाठी पाळलेले चित्ते असत, आणि त्यांना सांभाळणारे चित्तेवानही.

तुला वाटेल, चित्ता डरकाळी फोडायचा आणि दामल्यांचा माइक हादरायचा! गंमत म्हणजे चित्त्याला डरकाळी फोडताच येत नाही. वाघ-सिंहाला येते, चित्त्याला नाही. तो मांजरासारखा घुरघुरतो. आणि कधी कधी चक्क पाखरासारखी चिवचिव करतो! एवढा मोठा प्राणी, आणि चिवचिव! आपल्या देशातले जंगली चित्ते पुढे संपलेच. १९५२ साली तसं जाहीर झालं. मग २०२२ मध्ये आफ्रिकेतून काही चित्ते मध्य प्रदेशात कुनोच्या जंगलात आणले, ते तू बातम्यांत पाहिलं असशील.

‘प्रभात’ १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आली. तिचा पुण्यातला स्टुडिओ अजून आहे. आता तिथे सिनेमा शिकवणारी मोठी सरकारी संस्था आहे. ‘प्रभात’च्या त्या स्टुडिओत दुर्गाबाईंनी ‘अमर ज्योती’मध्ये कोण व्हावं? समुद्री लुटारूंची म्होरकी! नाव सौदामिनी. सौदामिनी म्हणजे वीज. जहाजावर उभी राहून हुकूम सोडणारी बाई! १९३६ साली! तारामती सगळं सोसत होती, सौदामिनी काहीच सोसत नाही. दोन्ही कामं एकाच बाईची. हा सिनेमा दूर इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवातही दाखवला गेला.

पण व्हेनिसला दुर्गाबाईंचा सिनेमा त्याआधीही पोचला होता. त्याचं नाव ‘सीता’. कलकत्त्यात देवकी बोस यांनी तो १९३४ साली केला. सीता झाल्या दुर्गाबाई, आणि राम झाले पृथ्वीराज कपूर.

हे नाव लक्षात ठेव हं! आता एक साखळी दाखवते.

१९३४. पृथ्वीराज राम, दुर्गाबाई सीता.

मग मधे गेली सव्वीस वर्षं. १९६० साली आला ‘मुघल-ए-आझम’. बादशहा अकबर कोण? पृथ्वीराज! आणि महाराणी जोधाबाई? दुर्गाबाई! अयोध्येतून थेट मुघलांच्या महालात! (आणि खऱ्या अकबराला चित्त्यांचा भारी नाद होता, बरं का. पुष्कळ पाळले होते त्यानं.) हा सिनेमा बराचसा कृष्णधवल होता, थोडाच रंगीत. पुढे २००४ मध्ये तो कॉम्प्युटरवर पूर्ण रंगवून पुन्हा दाखवला. म्हणजे जोधाबाईंच्या कपड्यांना ४४ वर्षांनी रंग चढले!

आणि १९७३? ‘बॉबी’ आला. दिग्दर्शक राज कपूर, म्हणजे पृथ्वीराजांचा मुलगा. नायक ऋषी कपूर, म्हणजे पृथ्वीराजांचा नातू! आणि नायिकेची आजी कोण? गोव्याच्या मिसेस ब्रिगांझा? आपल्या दुर्गाबाई! आजोबा, मुलगा, नातू, तिघांच्याही सिनेमात त्या आहेत. सीतेपासून आजीपर्यंत! तुझ्या घरातल्या तीन पिढ्या एकाच बाईंकडे शिकल्या असत्या, तर कसं वाटलं असतं?

किती सिनेमे केले असतील त्यांनी? सुमारे दोनशे! आणि पन्नास वर्षांहून जास्त काळ! ‘बिदाई’ नावाच्या सिनेमातल्या आईच्या कामासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या सत्तरीच्या घरात होत्या. भारत सरकारनं १९६८ साली पद्मश्री दिली. नाटकंही केली. ‘भाऊबंदकी’मधल्या त्यांच्या आनंदीबाईची जुनी माणसं अजून आठवण काढतात. आपलं आयुष्य त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. पुस्तकाचं नाव ‘मी, दुर्गा खोटे’. तू जरा मोठं झाल्यावर नक्की वाच.

आणि नुसतं कॅमेऱ्यापुढे उभं राहून त्यांचं मन भरलं नाही. त्या कॅमेऱ्यामागेही गेल्या! स्वतःची कंपनी काढली. छोटे माहितीपट केले, जाहिराती केल्या. म्हणजे कामाला माणसं नेमायची, पैशांचा हिशोब ठेवायचा, वेळेत फिल्म पुरी करून द्यायची. हे सगळं एका बाईनं! मुक्या सिनेमाच्या शेवटाला ज्या आल्या, त्या टीव्ही आल्यावरही थांबल्या नाहीत. नवं यंत्र आलं, की त्या हजर!

१९८८ साली दूरदर्शनवर एक मालिका लागायची. साधासुधा नोकरी करणारा माणूस, त्याची बायको, मुलं, आणि रोजच्या बारीकसारीक भानगडी. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून ती आली होती. नाव ‘वागळे की दुनिया’.

काय, नाव ओळखीचं वाटतंय? वाटणारच! त्याच नावाची नवी मालिका २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि त्यातले आजी-आजोबा म्हणजे जुन्या मालिकेतले नवरा-बायकोच!

तर ती जुनी मालिका कुणाच्या कंपनीनं बनवली होती? दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स! तेव्हा दुर्गाबाईंचं वय होतं त्र्याऐंशी.

१९९१ साली त्या गेल्या. आज संध्याकाळी घरातल्या मोठ्यांना विचार, ‘जुनी वागळे की दुनिया आठवते का?’ ते हो म्हणाले, की लगेच दुसरा प्रश्न टाक, ‘मग ती बनवली कुणी, सांगा!’ बघ, किती जणांना येतंय ते!